लेडी डॉक्टर हवी, पण दुसऱ्याच्या घरातली



दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत दाखले न्यायला पालकांची गर्दी होते. आमची शाळा उर्दू माध्यमाची आणि दहावीपर्यंतच आहे. पुढे शिकायचे तर केज, अंबाजोगाई किंवा थेट बीड गाठावे लागते. त्यामुळे जून महिन्यात आम्ही मास्तर कमी आणि कारकून जास्त असतो.

यंदा एक गृहस्थ आले. फळांचा गाडा लावतात, माणूस मेहनती आणि सज्जन. त्यांच्या मुलीला ९१ टक्के मिळाले होते, विज्ञानात तर शाळेत पहिली. आम्ही मुबारकबाद दिली आणि विचारले, "सायन्सला कुठे टाकताय?"

ते म्हणाले, "सर, टाकायचं नाही. दाखला घरात असू द्यावा म्हणून न्यायला आलो. रोज बसनं जाणं-येणं, जमाना कसा आहे तुम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षांत निकाह करून टाकू."

आम्ही थोडे समजावले. त्यांनी मान हलवली, दाखल्याची घडी करून खिशात ठेवली. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, एक विचारायचं होतं. अंबाजोगाईत चांगली लेडी डॉक्टर कोण आहे? हिच्या अम्मीला दाखवायचंय. तीन महिने झाले, अंगावरून जातंय. मर्दाने डॉक्टरकडं ती जाणार नाही."

आम्ही त्यांच्या खिशातल्या दाखल्याकडे पाहत राहिलो. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानीही आले नव्हते. या महिन्याचे सदर त्यांच्या त्या प्रश्नावर आहे.

त्यांच्यावर हसायचा आम्हाला अधिकार नाही, कारण हाच प्रश्न आमच्या घरात वीस-बावीस वर्षांपूर्वी येऊन गेला आहे. आम्ही तेव्हा बी.एड. करत होतो. अम्मींना त्रास सुरू झाला तो त्यांनी कुणालाच सांगितला नाही. गावातला दवाखाना होता, तिथे डॉक्टरही होते, पण पुरुष. "मर्दाने डॉक्टर को क्या दिखाना रे," एवढेच त्या म्हणायच्या. शेजारच्या खालांनी सांगितलेला काढा घेत त्यांनी दीड वर्ष काढले. शेवटी उभे राहवेना तेव्हा आम्ही त्यांना अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासले, आम्हाला बाहेर बोलावले आणि विचारले, "इतके दिवस कुठे होता?" गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता आणि फार पुढे गेला होता. बार्शीला शेक दिला. सहा महिन्यांत अम्मी अल्लाहच्या घरी गेल्या.

त्या डॉक्टरीणबाई आमच्या समाजाच्या नव्हत्या. कुणाच्या तरी बापाने त्यांना बसमध्ये बसवून दिले होते, म्हणून त्या दिवशी त्या तिथे होत्या.

आता आमच्या जिल्ह्यातल्या एका लेडी डॉक्टरची गोष्ट सांगतो. त्या मुंबईच्या मंत्रालयापर्यंत गेल्या. डॉ. विमल नंदकिशोर मुंदडा हे नाव बीड जिल्ह्यात चाळिशीच्या पुढच्या कुणालाही सांगावे लागत नाही. १९९० साली केज मतदारसंघातून त्या पहिल्यांदा विधानसभेवर निवडून आल्या. तो काळ आठवा. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेत बायकांना जागा राखून देणारी ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली ती १९९३ साली. गावाच्या चावडीवर बाई बसलेली दिसत नव्हती, त्या दिवसांत केजच्या लोकांनी २८८ जणांच्या सभागृहात एक बाई पाठवली. तिथे स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

केजची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. विमलताई त्या समाजातल्या, आणि लग्न होऊन आल्या त्या मुंदडा या मारवाडी कुटुंबात. म्हणजे बाई, राखीव समाजातली, जातीबाहेर लग्न केलेली. आपल्याकडे एवढ्या तीन गोष्टी एखाद्याला घरी बसवायला पुरतात. त्या मात्र १९९०, १९९५, १९९९, २००४ आणि २००९ अशा पाच निवडणुका लागोपाठ जिंकल्या. पहिल्या दोन भारतीय जनता पक्षाकडून, पुढच्या तीन राष्ट्रवादी काँग्रेसकडून. पक्षांतराविषयी ज्याचे त्याचे मत असेल, आणि हे सदर कुठल्या पक्षाचे नाही. पण पक्ष बदलूनही मतदार बदलले नाहीत, याचा विचार करावा लागतो.

आम्हाला वाटते, त्याचे एक कारण त्यांच्या नावामागच्या "डॉ." या अक्षरात होते. खेड्यात डॉक्टरला जे कळते ते पुढाऱ्याला कळत नाही. कुठल्या घरात कर्ज आहे, कुठल्या सुनेचे हाल आहेत, कुठली विधवा उपाशी झोपते, हे नाडी बघणाऱ्याला न विचारता समजते. आणि डॉक्टर बाई असेल तर बायका तिच्यापुढे जे बोलतात ते नवऱ्यापुढेही बोलत नाहीत. सभेत माळ घातलेल्या पुढाऱ्याला बाई आपले दुखणे सांगत नाही.

महाराष्ट्रात डॉक्टर मंडळी राजकारणात नवी नाहीत. डॉ. दौलतराव आहेर आणि डॉ. दीपक सावंत हे दोघेही डॉक्टर आणि दोघेही राज्याचे आरोग्यमंत्री झाले. आमच्याच अंबाजोगाईच्या डॉ. द्वारकादास लोहिया यांनी दुसरी वाट धरली. १९८२ मध्ये त्यांनी "मानवलोक" ही संस्था काढली आणि शेतकरी, मजूर, परित्यक्ता स्त्रिया यांच्यात काम केले. दवाखान्याच्या खोलीत बसून सगळे दुखणे बरे होत नाही, हे या सगळ्यांना कळले होते. एका बाईला रक्त कमी असेल तर डॉक्टर गोळ्या देतो. गावातल्या सगळ्याच बायकांना रक्त कमी असेल तर काय करायचे, याचे उत्तर औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

२००४ नंतरच्या सरकारात विमलताई राज्याच्या सार्वजनिक आरोग्यमंत्री झाल्या. याच काळात, एप्रिल २००५ मध्ये, केंद्राचे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि राज्यात ते राबवायचे काम त्यांच्या खात्याकडे आले. गावोगावी "आशा" ताई आल्या त्या या अभियानातून. साधारण हजार वस्तीला एक, गावातलीच सून, आठवीपर्यंत शिकलेली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब ग्रामीण स्त्रीला जननी सुरक्षा योजनेतून ७०० रुपये मिळू लागले. आज आपल्या मोहल्ल्यात बाळंतपणाची नोंद करायला, लसीची तारीख सांगायला जी बाई येते, तिचे मूळ इथे आहे.

अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला स्त्री रुग्णालय आणि वृद्धांसाठीचे आरोग्य केंद्र मंजूर झाले तेही विमलताईंच्या आरोग्यमंत्रिपदाच्या काळात. इमारती उभ्या राहिल्या. पण रुग्णालय सुरू व्हायला वर्षे गेली. २०२० साली कोरोना आला तेव्हा त्याच इमारतींमध्ये कोविड रुग्णालय उघडले आणि जिल्ह्याला त्यांचा उपयोग झाला. मार्च २०१२ मध्ये आजारपणात विमलताईंचे निधन झाले होते, त्यांना ते पाहायला मिळाले नाही. त्यांच्या सूनबाई नमिता मुंदडा आता केजच्या आमदार आहेत.

एवढे लिहून थांबलो तर ही श्रद्धांजली होईल. पण आम्ही शिक्षक आहोत, उत्तरपत्रिकेत बरोबर काय तेवढेच पाहून चालत नाही. म्हणून दुसरी बाजूही लिहितो.

२००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ उरल्या. सगळ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी. याच दहा वर्षांत आमच्या जिल्ह्यातली डॉक्टर बाई राज्याची आरोग्यमंत्री होती. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा देशाचा कायदा १९९४ चा आहे, आणि महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. कायदा होता, खाते होते, मंत्री स्त्री होती, डॉक्टर होती, तरीही पोटातल्या मुली मारल्या जात राहिल्या. विमलताई गेल्या त्यानंतर दोनच महिन्यांनी परळीत अशाच एका गर्भपातात एका स्त्रीचा जीव गेला आणि सगळ्या देशाने बीडचे नाव घेतले. ती सोनोग्राफी करणारेही डॉक्टरच होते. डॉक्टर ही पदवी माणसाला आपोआप नेक बनवत नाही.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. आमच्या जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर नवरा-बायकोच्या जोड्या ट्रॅक्टरवर बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. एका जोडीला "एक कोयता" म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही बाईला फडातून सुट्टी नसते. पांढरे जाते, पोट दुखते म्हणून ती खासगी डॉक्टरकडे गेली तर तिला कॅन्सरची भीती दाखवायची आणि पिशवी काढून टाकायची, असे प्रकार २०१९ मध्ये उघड झाले. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. पुढे खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली, तेव्हा त्याला थोडा आळा बसला.

या बायकांना त्यांच्याच गावात, त्यांच्याच बोलीत, "बाई, ही पिशवी काढायची गरज नाही, या गोळ्या घे" असे सांगणारी डॉक्टरीण भेटली असती तर? आमच्या अम्मींना दीड वर्ष आधी भेटली असती तर?

मंत्री सही करून दवाखाना मंजूर करू शकतो, इमारत बांधू शकतो, पद निर्माण करू शकतो. त्या खुर्चीवर बसायला डॉक्टर मात्र मंत्रालयात तयार होत नाही. तो कुणाच्या तरी घरात, कंदिलाखाली नाहीतर बल्बखाली अभ्यास करून तयार होतो. विमलताईंच्या आयुष्यातून आम्ही एवढे शिकलो की एका घराने एक मुलगी शिकू दिली तर ती कुठवर जाऊ शकते. आणि हेही शिकलो की ती कितीही वर गेली तरी एकटी पुरत नाही. तिच्यामागून आणखी शंभर घरांनी आपल्या मुली पाठवाव्या लागतात.

त्या शंभर घरांत आपली घरे किती?

आम्ही पर्द्याची गोष्ट करतो, हयेची गोष्ट करतो, आणि ती बरोबरच आहे. आपल्या बायकांना परपुरुषापुढे अंग उघडे करायला नको वाटते, हा त्यांचा हक्क आहे. पण तो हक्क मागायचा आणि त्यासाठी लागणारी डॉक्टर दुसऱ्याने घडवायची, हा हिशोब कुठला? आमचे एक बुजुर्ग सांगायचे, फर्जे किफाया म्हणजे वस्तीतल्या काहींनी केले तर सगळ्यांची सुटका, कुणीच केले नाही तर सगळेच गुन्हेगार. वस्तीत बायकांना तपासणारी एक बाई नसणे, हे आम्हाला त्यातले वाटते.

इस्लामी इतिहासात हे नवे नाही. हजरत रुफैदा (रजि.) यांचा तंबू मस्जिदे नबवीत होता, खंदकच्या लढाईतले जखमी त्यात आणले जात. हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) लिहिणे-वाचणे जाणत आणि दवाउपचार करीत. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांच्याकडे मदिनेच्या बाजाराची देखरेख सोपवली होती, असेही काही रिवायतींत येते. उपचार करणारी बाई कारभारात येते, ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचे कारण नाही.

भाषेची सबबही आता उरली नाही. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकशास्त्रसुद्धा उर्दूत शिकवले जाई. आज वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मराठीत देता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८ पासून उर्दूतही देता येते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकारने २०२४-२५ पासून माफ केली आहे. आपल्यातल्या बागवान, कुरेशी, मोमीन, पिंजारी अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत येतात. जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर आधीच काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलच्या चकरा मारू नका. आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याचे नाव घेतले जाते. मुलीला मुंबईला पाठवायची भीती वाटत असेल तर एवढे जवळ दुसरे काय हवे?

प्रत्येक मुलगी एमबीबीएस होणार नाही, हे आम्हीही जाणतो. नर्सिंग आहे, युनानी आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष जगापुढे आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही नावाची तपासणी ज्या गटात झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. गावात जाऊन बायकांना समजावणाऱ्या, त्यांचे नमुने घेणाऱ्या साध्या नर्सबाया आणि आरोग्य कार्यकर्त्या होत्या. हे काम आमच्या अम्मींच्या गावापासून दोन तासांच्या अंतरावर झाले. बहिणींनो, तिशी ओलांडलेल्या स्त्रीची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. कुठल्या दिवशी होते ते आपल्या आशाताईला विचारा आणि लाजू नका.

तर ते फळवाले भाई.

आम्ही त्यांना परत बसवले, चहा मागवला आणि अम्मींची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती आम्ही शाळेत कुणाला सांगितली नव्हती. मग म्हटले, "भाई, उद्याच त्यांना अंबाजोगाईला न्या, स्त्रीरोगाच्या ओपीडीत डॉक्टर बायका असतात. आणि मुलीला सोबत न्या."

ते गेले. चार दिवसांनी मुलगीच आली. अम्मीला तपासले, गाठ आहे पण साधी आहे, औषध सुरू आहे, अल्हम्दुलिल्लाह. केसपेपर तिनेच वाचला, कुठली गोळी कधी द्यायची ते डॉक्टरबाईंनी तिलाच समजावले. परतताना बसमध्ये अब्बांनी विचारले म्हणे, "हे सगळं शिकायला किती वर्षं लागतात?"

अकरावीचा अर्ज भरला आहे. कॉलेजात बसच्या पासची चौकशी अब्बांनी स्वतः केली. घरात दादीजान अजून राजी नाहीत, आणि नीटची वाट किती अवघड आहे हे त्या मुलीला अजून कळायचे आहे. अजून काहीच ठरलेले नाही. प्रवेशाची यादी लागली की पुढच्या अंकात कळवू. तोवर त्या लेकीसाठी दुआ करा, आणि आपल्या घरातल्या दाखल्यांवरही एक नजर टाका.